चर्च सोडल्यावरही सैतानाची भीती का वाटावी?

पत्र : माझे वय चव्वेचाळीस. श्रद्धाळू कॅथलिक घरात वाढले. बाप्तिस्म्यापासून दृढीकरणापर्यंतचे सगळे संस्कार झाले. तिशीच्या आसपास विश्वास हळूहळू विरत गेला, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जाणे थांबले आणि आता मी स्वतःला नास्तिक म्हणवते. माझा नवरा कोणत्याच धर्माच्या वातावरणात वाढलेला नाही. सध्या आम्ही दोघे रात्री ‘सुपरनॅचरल’ ही जुनी अमेरिकन मालिका पाहत आहोत. भुते, राक्षस आणि सैतान यांची शिकार करत हिंडणाऱ्या दोन भावांची ती गोष्ट आहे. ते लॅटिन प्रार्थना म्हणून कुणाच्या अंगातला सैतान हुसकावू लागले की माझ्या पोटात गोळा येतो आणि हातात जपमाळ नसतानाही अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागतो. आजीने शिकवलेली संत मायकलची, म्हणजे सैतानाशी लढणाऱ्या देवदूताची, प्रार्थना आपोआप ओठांवर येते. त्याच मालिकेत मायकल निर्दय निघाला तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. पुढे प्रत्यक्ष देवच खलनायक ठरला तेव्हा मला आसुरी आनंद झाला, आणि त्याच रात्री मी दिवा चालू ठेवून झोपले. धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले ‘रविवारची मिस्सा चुकवणारा नरकात जातो’ हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नवऱ्याला हे सगळे गमतीचे वाटते. मालिकेत काही चुकीचे दाखवले की मी तावातावाने चर्चची बाजू घेते, आणि मग माझे मलाच ओशाळल्यासारखे होते. मी ढोंगी आहे का? आत कुठेतरी श्रद्धा उरली आहे का? अशी मालिका पाहणे मुळात योग्य आहे का, की ती बंद करावी? आई रोज रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. मी मिस्साला जात नाही हे तिला माहीत आहे, पण त्यावर आम्ही बोलत नाही. तिला हे सांगावे का?
– पूर्वाश्रमीची कॅथलिक

उत्तर : ढोंगाच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्याच्या आडोशाला उभे आहेत. तुम्ही ढोंगी नाही. ढोंगाला हेतू लागतो, आणि तुमचा अंगठा काही हेतूने फिरत नाही. लहानपणी वर्षानुवर्षे जपमाळ ओढलेल्या हाताला ती लय पाठ झालेली आहे आणि विश्वास ओसरला तरी पाठांतर ओसरत नाही. श्रद्धा उरली आहे का, हे तपासायला तुम्ही जे मोजमाप वापरत आहात, ते खुद्द चर्चलाही मान्य नाही. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आलेल्या कॅथलिक विचारात श्रद्धा म्हणजे देवाच्या कृपेने प्रेरित झालेल्या इच्छेच्या सांगण्यावरून बुद्धीने दिलेली संमती. ही संमती तुमच्या बुद्धीने विचारपूर्वक काढून घेतली आहे, आणि पोटात गोळा येतो म्हणून ती परत दिली गेली, असे होत नाही. (बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर भुतेही विश्वास धरतात आणि थरथर कापतात, असे म्हटले आहे, तेव्हा नुसत्या थरथरण्याला फार किंमत देऊ नये, हे मत बरेच जुने आहे.)

आता त्या लॅटिनकडे पाहू. तुमचे वय लक्षात घेतले तर तुम्ही लॅटिन मिस्सा जवळपास ऐकलेलीच नसणार. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, चर्चमधली उपासना लोकभाषेत होऊ लागली, आणि तुमचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. एखाद्या सणाला गायलेले लॅटिन गीत सोडले, तर तुमच्या बालपणीच्या चर्चची भाषा ही घरात बोलायची भाषा होती. ज्या लॅटिनने तुमच्या अंगावर काटा येतो, ते तुम्हाला वेदीवरून मिळालेले नाही. ते तुम्हाला पडद्यावरून मिळाले आहे, भयपटांनी आणि अशाच मालिकांनी दिलेले आहे. म्हणून प्रत्येक काट्याचा हिशेब आपल्या धर्माच्या खात्यावर मांडू नका. तुमच्या नवऱ्यालाही ते ऐकून थोडेफार दचकायला होत असेल. फक्त आपण का दचकलो, याची उलटतपासणी तो करत बसत नाही.

त्या मजकुराची कुळकथा तुम्हाला आवडेल. दोघे भाऊ पुनःपुन्हा म्हणतात त्या प्रार्थनेची सुरुवात पोप लिओ तेरावे यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सैतान आणि बंडखोर देवदूत यांच्याविरुद्धच्या प्रार्थनाविधीतून घेतलेली आहे. हा विधी बिशपांसाठी आणि त्यांनी परवानगी दिलेल्या धर्मगुरूंसाठी होता. कालांतराने साधे भाविक आपापल्या प्रार्थनागटांत तो म्हणू लागले, तेव्हा २९ सप्टेंबर १९८५ रोजी, म्हणजे नेमक्या संत मायकलच्या सणाच्या दिवशी, रोमच्या धर्मसिद्धान्तविषयक कार्यालयाने जगभरच्या बिशपांना पत्र लिहून सामान्य भाविकांना त्याचा वापर करता येणार नाही, असे बजावले. चर्चच्या कायद्याचे ११७२ वे कलम तर स्थानिक बिशपची खास आणि स्पष्ट परवानगी असल्याखेरीज कुणालाही, अगदी धर्मगुरूलाही, बाधित व्यक्तीवर असा विधी करू देत नाही. आणि ती परवानगी भक्ती, ज्ञान, विवेक आणि निर्मळ आचरण असलेल्या धर्मगुरूलाच द्यावी, असे सांगते. चर्चच्या अधिकृत शिकवणीत पुढे असेही स्पष्ट केले आहे की समोर आजार आहे की आणखी काही, याची खातरजमा आधी व्हायला हवी आणि आजारावर इलाज करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. १९९८ मध्ये सुधारून मंजूर केलेल्या विधीतही हीच सावधगिरी आहे. मालिकेत मात्र दोन तरुण ही प्रार्थना मोटारीतून उतरता उतरता म्हणतात, आणि एका भागात तर ती ध्वनिमुद्रित करून पोलीस ठाण्याच्या ध्वनिक्षेपकावरून वाजवली जाते.

तेव्हा ‘असे काही नसते’ असे तुम्ही तावातावाने म्हणता, ते बरोबरच म्हणता. त्यात चर्चची वकिली नाही. जहाजावरची नोकरी सोडलेल्या माणसालाही सिनेमात चुकीच्या दिशेला फिरवलेले सुकाणू खटकतेच, आणि त्यासाठी त्याला पुन्हा समुद्रावर जायची ओढ असावी लागत नाही. जपमाळ पाण्यात टाकून ते पाणी पवित्र होत नाही, माणूस मेल्यावर देवदूतही होत नाही आणि राक्षसही होत नाही, दारात मिठाची रेघ ओढणे ही लोकसमजूत आहे आणि चर्चमध्ये पाण्यावर आशीर्वाद मागताना मीठ मिसळण्याची जुनी रीत वेगळी, हे सगळे तुम्हाला माहीत आहे. माहिती असणे हा विश्वास ठेवल्याचा पुरावा नाही. त्यामुळे ओशाळण्याचे कारण नाही. वाटल्यास आवाज जरा खाली आणा.

मला तुमच्या पत्रातली खरी गाठ दुसरीकडेच दिसते. या मालिकेने चर्चच्या घरातून बरेच सामान उचलून आणले आहे. तीर्थाचे पाणी आणले, क्रूस आणला, जपमाळ आणली, देवदूतांच्या फौजा आणल्या, नरक तर अगदी बारकाईने आणला. पण ज्याच्यासाठी हे सगळे सामान होते, तो ख्रिस्त त्या जगात जवळजवळ कुठेच नाही. या पंधरा सीझनांत देव येतो, सैतान येतो, मृत्यू स्वतः येऊन टेबलाशी बसून खातो. क्षमा देणारे मात्र कुणी येत नाही. आठव्या सीझनच्या अखेरीला धाकटा भाऊ एका ओसाड चर्चमध्ये जाऊन आपल्या पापांची कबुली देतो. तो प्रसंग तुम्ही पाहिला असेल तर आठवून पाहा. ती कबुली त्याला द्यावी लागते ती एका राक्षसाला बरे करण्यासाठी. तिच्याने त्याचे रक्त शुद्ध होणार असते आणि ते रक्त पुढच्या विधीला लागणार असते. कबुली ऐकायला धर्मगुरू नाही, आणि ‘मी तुला पापमुक्त करतो’ हे शब्दही नाहीत. नंतर त्याच्या बोलण्यातून कळते की भावाला आपण किती वेळा निराश केले, हेच त्याच्या लेखी त्याचे सर्वांत मोठे पाप होते. नाट्य म्हणून तो प्रसंग चांगलाच जमला आहे, असे माझे मत आहे. पण कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाच्या काळजात तो वेगळ्या जागी रुततो, कारण कबुलीनंतर काय यायला हवे हे त्याला ठाऊक असते आणि तेच येत नाही.

दुर्दैवाने तुमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही नेमके हेच घडलेले दिसते. ‘रविवारची मिस्सा चुकवणारा नरकात जातो’ हे वाक्य निव्वळ खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते इतके चिवट आहे. जाणूनबुजून, सबळ कारणाशिवाय रविवारची मिस्सा टाळणे ही चर्च आजही गंभीर बाब मानते. पण एखादे कृत्य महापाप ठरायला तीन अटी लागतात, असेही हेच चर्च शिकवते : बाब गंभीर असली पाहिजे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असली पाहिजे, आणि ते कृत्य पूर्ण संमतीने केलेले असले पाहिजे. वर्गातल्या मुलांना बहुधा पहिलीच अट सांगितली गेली, कारण ती एका वाक्यात बसते आणि मुले लगेच गप्प होतात. चर्चने असंख्य व्यक्तींना संत म्हणून जाहीर केले, पण अमुक एक माणूस नरकात आहे असे आजवर एकदाही अधिकृतपणे जाहीर केलेले नाही, ही गोष्ट त्या वर्गात कुणी सांगितली होती का? नरक म्हणजे माणसाने स्वतःहून देवापासून कायमचे दूर राहणे, असे आजची शिकवण म्हणते. लोखंडी आकडे, साखळ्या आणि किंकाळ्या ही चित्रकारांची आणि मालिकाकारांची भर आहे. नास्तिक व्यक्तीला मी हे धर्मज्ञान का ऐकवते आहे, असे तुम्हाला वाटेल. ज्या गोष्टीवर तुमचा विश्वास उरलेला नाही, तिची निदान अर्धवट, लहान मुलाला घाबरवण्यापुरती आवृत्ती तरी तुमच्या उशाशी राहू नये, एवढ्याचसाठी. तुम्ही रात्री दिवा चालू ठेवता तो मालिकेतल्या राक्षसामुळे नव्हे, असे मला वाटते. तुम्हाला न केलेल्या मिस्सांचा हिशेब आठवतो, आणि क्षमा नसलेल्या जगात हिशेब भयंकरच असतो. असे जग तुम्हाला आधी वर्गाने दाखवले, आता ही मालिका दाखवते आहे.

देव खलनायक ठरल्यावर झालेल्या आनंदाबद्दलही अपराधी वाटून घेऊ नका. लेखक म्हणून वावरणारा तो चक हाच देव निघतो आणि आपल्या कथेत रंग भरावा म्हणून आपल्याच पात्रांना छळत राहतो, ही कल्पना धीट आहे. शेवटच्या सीझनमध्ये तिची हाताळणी मला काहीशी पसरट वाटली, पण ते असो. ‘देव नाहीच म्हणतेस, मग त्याच्यावर राग कसला?’ असे नवऱ्याने अद्याप विचारले नसेल तर पुढे विचारील. त्याचे उत्तर असे, की तुमचा राग एका चित्रावर आहे : परीक्षा घेणारा, खोडा घालणारा आणि वर प्रेमाचा दाखला मागणारा देव. ते चित्र ज्यांनी तुम्हाला दिले ती माणसे खरी होती, त्यामुळे रागही खरा आहे. देवाला जाब विचारणे तुमच्या जुन्या धर्मातही नवे नाही. बायबलमधल्या, दुःखाने गांजलेल्या ईयोबाने तो विचारला आहे आणि स्तोत्रांत तर पानोपानी तक्रारी आहेत. फरक इतकाच की ईयोबाला वर्गाबाहेर उभे केले गेले नाही.

मायकलबद्दल वाटलेले दुःख मात्र मला वेगळ्या जातीचे दिसते. पोप लिओ तेरावे यांनीच १८८६ मध्ये ती छोटी प्रार्थना साध्या मिस्साच्या शेवटी म्हणायला लावली, आणि १९६५ पर्यंत ती जगभर तशी म्हटली गेली. उपासनेतून ती वगळल्यानंतरही पुष्कळ घरांत आज्यांनी ती चालू ठेवली, तुमच्या आजीनेही ठेवलेली दिसते. त्या प्रार्थनेतला मायकल पाठीराखा आहे. मालिकेच्या पाचव्या सीझनमधला मायकल हा आज्ञेपलीकडे काही न पाहणारा सेनापती आहे. त्याला लढण्यासाठी फक्त एक मानवी देह हवा असतो आणि लढाईत अर्धे जग मेले तरी त्याचे काही बिघडत नाही. आजीच्या पाठीराख्याला कुणीतरी असे रूप दिल्यावर वाईट वाटणारच. ती प्रार्थना ओठांवर आली तर येऊ द्या. ती अडवण्यात जेवढा जोर लावाल तेवढी ती मोठी होईल. तिच्यावर विश्वास नसतानाही आजीची म्हणून ती तुमच्याजवळ राहू शकते.

‘मी मुळात पूर्वाश्रमीची तरी आहे का’ हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण स्वाक्षरीत तो डोकावतो. चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्म्याची खूण पुसता येत नाही. चर्चच्या विवाहविषयक नियमांत पूर्वी ‘औपचारिकपणे चर्च सोडलेली व्यक्ती’ असा उल्लेख होता, तोही पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये काढून टाकला. त्यामुळे त्यांच्या वहीत तुमचे नाव राहणार, हे खरे. मात्र श्रद्धा ही मोकळेपणाने दिलेली संमती असते आणि कुणावरही तिची सक्ती करता येत नाही, असेही १९६५ मध्ये त्याच चर्चच्या परिषदेने जाहीर केले आहे. वहीतल्या नावावर तुमची सही नाही. आपण कोण, हे सांगण्याचा अधिकार तुमचाच आहे.

मालिका पाहणे योग्य की अयोग्य, यावर फार शाई खर्च करण्यासारखे काही नाही. चर्चचा आक्षेप भविष्य पाहणे, मृतात्म्यांना बोलावणे आणि जादूटोणा करणे यांना आहे. सोफ्यावर बसून कल्पित कथा पाहणे त्यात येत नाही. बंद करावी का, याचे उत्तर तुमच्या झोपेवर अवलंबून आहे. भीती भागाबरोबर येऊन भागाबरोबरच जात असेल, किंवा एखाद्या रात्री दिवा लावायला लावत असेल, तर पाहत राहायला हरकत नाही; शक्य असेल तर नरकाचे भाग दिवसा पाहा आणि लगेच झोपायला जाऊ नका. पण ती दिवसा, कामाच्या वेळीही येऊ लागली, प्रार्थना ‘नीट’ म्हटली गेली नाही म्हणून ती पुनःपुन्हा म्हणावीशी वाटू लागली, जुनी पापे मोजण्याचा चाळा लागला, तर मालिका थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पापाच्या शंकेने असे पोखरले जाणे ही जुनी आणि ओळखीची व्याधी आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये मानरेसा या गावी राहत असताना तिने इतके बेजार झाले होते की त्यांच्या मनात जीव देण्याचे विचार आले होते. आज तिच्याकडे मंत्रचळाचा, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डरचा एक प्रकार म्हणून पाहिले जाते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. तुमच्या पत्रावरून तुम्ही तिथवर पोहोचला आहात असे मला वाटत नाही, पण ‘ते वाक्य डोक्यातून जात नाही’ असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून लक्ष ठेवा.

नवऱ्याला हे सांगायला हवे, आणि तेही भाग चालू असताना नव्हे. तो हसतो त्यात दुष्टावा नसावा. ज्याला लहानपणी कुणी नरक दाखवलेला नाही, त्याला ही भीती कशी दिसावी? एखाद्या सकाळी चहा घेताना सांगा की लॅटिन सुरू झाल्यावर मला काय होते, आणि त्या दोन मिनिटांत तू विनोद करू नकोस. इतकी नेमकी मागणी कुणालाही पाळता येते. ‘माझ्या बालपणाची चेष्टा करू नकोस’ ही मागणी मोठी आहे आणि कुठे सुरू होते, कुठे संपते ते त्याला कळणार नाही, म्हणून ती आत्ता करू नका.

राहिली आई. मालिकेबद्दल तिला सांगण्याची काही गरज नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपण टीव्हीवर काय पाहतो, याचा अहवाल आईला द्यावा लागत नाही. मायकलच्या प्रार्थनेबद्दल मात्र तिला जरूर विचारा : आजी ती केव्हा म्हणायची, तिला ती कुणी शिकवली होती, तुला स्वतःला ती कधी आवडली का? तुमच्या दोघींमध्ये श्रद्धेबद्दल जे मौन आहे, त्याला न दुखावता असे बोलता येईल. रात्रीच्या भीतीबद्दल तिच्याशी इतक्यात बोलू नका. रोज रोझरी म्हणणाऱ्या आईला लेकीच्या भीतीत तिच्या परतीची चाहूल ऐकू येईल, ती तुमच्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू करील, आणि तुमचा परत जाण्याचा विचार नसेल तर काही महिन्यांनी तिची ती आशा तुम्हालाच मोडावी लागेल.